उंदरांमधला फरक

पांढऱ्या उंदरांचा वास साबणाने जात नाही, अशी ललिता वागळेच्या आईची रोजची तक्रार असे. संध्याकाळी ललिता परळहून ट्रामने गिरगावातल्या मुगभाटात परतली की आई तिला आधी मोरीत पाठवायची, चहा मग. ललिताला स्वतःला तो वास येईनासा होऊन बरेच दिवस झाले होते. एम.एस्‌सी. झाल्यावर ती परळच्या एका सीरम तयार करणाऱ्या संस्थेत लागली होती आणि उंदरांवर औषधाची परीक्षा घेणं हे तिचं काम होतं.

औषध धनुर्वातावरचं. घोड्यांच्या रक्तातून ते काढत. प्रत्येक नवी खेप माणसांना टोचण्याआधी तिच्यात जोर किती आहे ते पाहावं लागे. त्यासाठी धनुर्वाताचं विष आणि औषध वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून उंदरांच्या मागच्या पायात टोचायचं. काही उंदीर मरत, काही जगत. किती औषधाला किती जगले यावरून औषधाचा जोर ठरायचा. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना मात्र नुसतं विष द्यायचं. ते मेले म्हणजे विष खरं आणि परीक्षाही खरी.

यात अडचण एकच होती. एक उंदीर दुसऱ्यासारखा नसतो. एकाच विणीतली, एकाच दाण्यावर वाढलेली दोन भावंडं घेतली तरी एक सतरा ग्रॅम भरेल, दुसरं एकवीस. एक जे विष पचवेल त्याच विषाने दुसरं सकाळपर्यंत आडवं होईल. ललिताला याचं काही वाटत नसे. म्हणून तर एवढे उंदीर लागतात, असं ती म्हणायची. पण तिचे वरिष्ठ डॉक्टर शरच्चंद्र गुप्ते यांना हा फरक डोळ्यांत सलायचा.

गुप्ते पन्नाशीचे, एकटे, संस्थेच्या आवारातच दोन खोल्यांत राहणारे. माणूस वाईट नव्हता. हाताखालच्या लोकांवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही, आणि ललिताला नेमताना 'बाईमाणूस प्राणी हाताळील का' असं विचारणाऱ्यांना त्यांनीच गप्प केलं होतं. पण एक गोष्ट मनाने घेतली की ती ते करूनच सोडत. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांनी सगळे उंदीर तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत हलवले. खिडकीजवळच्या पिंजऱ्यांना ऊन जास्त मिळतं म्हणून खिडक्या विटांनी बुजवून घेतल्या. सगळ्यांना एकाच पोत्यातला दाणा, एकाच नळाचं पाणी. दिवा ठरल्या वेळी लागायचा, ठरल्या वेळी विझायचा.

"आता बघू कोण वेगळं वागतंय ते," गुप्ते म्हणाले.

डिसेंबरात उंदरांची वजनं एकमेकांच्या जवळ येऊ लागली. ललिताला आधी आनंदच झाला. काम सोपं होणार होतं. मग एका सकाळी तिने एका पिंजऱ्यातले उंदीर एकामागून एक तोलले आणि काटा प्रत्येक वेळी त्याच रेघेवर येऊन थांबला. एकोणीस ग्रॅमच्या किंचित पुढे.

काटा अडकला असेल असं तिला वाटलं. तिने पारड्यात किल्ली ठेवून पाहिली, पेनाचं टोपण ठेवून पाहिलं. काटा मोकळा होता. वरच्या मजल्यावरून दुसरा तराजू मागवला, दुसरा पिंजरा घेतला. पुन्हा तीच रेघ. तेव्हा तिने एक उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवला आणि त्याला दिवसभर दाणा दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं वजन उतरलं होतं. बाकीच्यांचंही उतरलं होतं, अगदी तेवढंच. आणि त्यांच्यापुढचा दाणा नेहमीसारखा खाऊन संपलेला होता.

उंदरांची देखभाल गुणाजी करायचा. मूळचा मालवणकडचा, संस्थेच्या मागल्या भिंतीपलीकडच्या चाळीत राहणारा. बोलका माणूस, पण हल्ली तो उंदरांच्या खोलीत शिरला की मुकाट्याने काम उरकून बाहेर येई.

"बाई, हे आता भांडत नाय," तो एकदा म्हणाला. "आधी एकमेकांचे कान तोडायचे."

"चांगलंच आहे की, गुणाजी."

"कसला चांगला. मी दार उघडला काय सगळे एकदम माज्याकडे बघतत. सगळे." त्याने हातातली बादली खाली ठेवली. "माका नाय आवडत."

ललिता आत जाऊन उभी राहिली. उंदरांची खोली कधी शांत नसते. कुणी भुसा उकरतं, कुणी तारेवर चढतं, कुणी दाणा कुरतडतं. आत्ताही कुरतडण्याचा आवाज येत होता, साऱ्या खोलीतून. मग तो थांबला. साऱ्या खोलीतून, एकदम. तिने श्वास रोखून धरला. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला, तोही एकदम.

त्यानंतर तिने उंदरांचं रक्त पाहायचं ठरवलं. रक्ताचा थेंब चौकटी आखलेल्या काचेवर सोडायचा आणि मायक्रोस्कोपखाली त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. हे काम करणाऱ्या कुणालाही एक गोष्ट ठाऊक असते, की एकाच रक्ताचे दोन थेंब घेतले तरी दोन आकडे येतात. सुपात तांदूळ टाकले की कुठे दाट पडतात, कुठे विरळ. पेशींचंही तसंच. त्यात उंदराचा काही संबंध नसतो.

तिने वेगवेगळ्या पिंजऱ्यांतल्या उंदरांचं रक्त मोजलं. एकच आकडा. एकाच उंदराचे दोन थेंब मोजले. तोच आकडा. काच धुतली, पुसली, नवा थेंब सोडला. तोच.

उंदीर एकसारखे झाले, एवढं तिने मनाला कसंबसं पटवलं असतं. एक दाणा, एक दिवा, एक हवा. पण काचेवर पेशी कशा पडाव्यात हे काही उंदराच्या हातात नव्हतं.

गुप्त्यांना तिने आकडे दाखवले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"असे उंदीर मिळावेत म्हणून विलायतेतली माणसं जीव टाकतात, मिस वागळे."

"सर, हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही? तुमची मोजणी?"

"मोजणी बरोबर आहे. तेच बरोबर नाही."

गुप्ते हसले आणि त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

जानेवारीत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राकडे राहणार, असं रेडिओवरून जाहीर झालं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. ट्राम बंद पडल्या. परळ, लालबागला गोळीबार झाला. मग संचारबंदी लागली. गिरण्यांचे भोंगे वाजेनासे झाले आणि भोंग्यांवाचून परळची सकाळ कधी होते तेच कळेना. ललिताला गिरगावात जाता येईना. ती दादरला मावशीकडे राहिली आणि संस्थेचा पास दाखवून रिकाम्या रस्त्यांवरून चालत कामावर येऊ लागली. रस्ताभर दगड, चपला, जळलेले टायर. गुणाजी मागल्या दाराने यायचा नि जायचा. गुप्त्यांनी मात्र आपली कॉट उंदरांच्या खोलीतच टाकली. बाहेर अश्रुधूर होता; दार सारखं उघडलं तर उंदीर बिथरतील, असं त्यांचं म्हणणं.

जवळच्या इस्पितळात जखमी येत होते. रस्त्यावरच्या मातीने माखलेल्या जखमा, त्यात घोड्यांच्या लिदीची माती. धनुर्वाताचं औषध टोचायलाच हवं, आणि इस्पितळातला साठा संपत आला होता. संस्थेत नवी खेप तयार होती, पण तिची परीक्षा व्हायची होती. गुणाजीचा धाकटा भाऊ दत्ताराम त्याच इस्पितळात पडून होता. मोर्चात त्याच्या पोटरीतून गोळी आरपार गेली होती.

"बाई, कधी देतलात?" गुणाजी रोज विचारायचा.

खेप हाती आली त्याच दिवशी ललिताने उंदरांना टोचलं होतं. विष दिलेले उंदीर मरायला हवे होते, तो दिवस आला आणि गेला. कमी औषध दिलेले जगले. जास्त दिलेले जगले. नुसतं विष दिलेलेही जगले, आणि दाणा खात राहिले.

"सगळे जिवंत आहेत," गुप्ते म्हणाले. "औषध उत्तम आहे. इस्पितळाला फोन करा."

"सर, नुसत्या विषावरचेही जिवंत आहेत. म्हणजे परीक्षा झालीच नाही. औषधाऐवजी पाणी टोचलं असतं तरी हेच दिसलं असतं."

"विष जुनं असेल."

"मग औषधाबद्दल आपल्याला काय कळलं?"

गुप्त्यांची दाढी वाढली होती, डोळे तांबारले होते. "मिस वागळे, बाहेर माणसं," ते म्हणाले आणि मधेच थांबले. खोलीतली कुरतडही थांबली होती. ललिता त्यांच्याकडे बघत राहिली. मग कुरतड सुरू झाली. "बाहेर माणसं पडली आहेत," त्यांनी वाक्य पुरं केलं, मधे काही झालंच नाही अशा आवाजात.

"मला यातले दोन उंदीर या खोलीबाहेर नेऊन बघायचेत," ललिता म्हणाली.

"नाही." त्यांनी आवाज चढवला नाही. "त्यांना वेगळं करू नका. मोठ्या कष्टाने एक झालेत ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठली. गुप्ते तोंड धुवायला गेले तेव्हा ललिताने दोन उंदीर काढले. एक नुसत्या विषाचा, त्याच्या डोक्यावर खूण म्हणून पिवळा रंग लावलेला. दुसरा पुरेसं औषध मिळालेला, शेपटाशी पिवळा. झाकणाला भोकं पाडलेल्या दोन डब्यांत तिने ते ठेवले, डबे पिशवीत घातले आणि गुणाजीबरोबर मागल्या दाराने बाहेर पडली.

गुणाजीची खोली दुसऱ्या मजल्यावर. त्याची बायको राधाबाई भाजी आणायला गेली होती, खाली नळावर बायकांची झुंबड होती. गॅलरीत कुणाचं तरी पोर रडत होतं. शेजारच्या खोलीत चढ्या आवाजात वाद चालू होता, कुठेतरी मासे तळत होते. इतक्या दिवसांनी ललिताला एकदम मोकळं वाटलं. तिने एक डबा गुणाजीच्या खाटेखाली ठेवला, दुसरा मोरीच्या कट्ट्यावर, आणि ती जमिनीवर बसली.

"काय होतला?" गुणाजीने विचारलं.

"माहीत नाही."

फार वाट पाहावी लागली नाही. खाटेखालच्या डब्यात काहीतरी पत्र्यावर आपटलं. ललिताने झाकण काढलं. डोक्यावर पिवळा रंग असलेला उंदीर एका कुशीवर पडला होता. टोचलेला पाय मागे ताठ ताणलेला, शेपूट काठीसारखं, पाठ धनुष्यासारखी वाकलेली. तिने बोटाने डब्याला टिचकी मारली तशी त्याला झटका आला. धनुर्वात तिने शेकडो वेळा पाहिला होता. पण चार दिवसांत यायचा तो या उंदराला आवाराच्या भिंतीपलीकडे येताच गाठून गेला होता.

तिने कट्ट्यावरचा डबा उघडला. दुसरा उंदीर मागच्या पायांवर उभा राहून मिशा पुसत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग डब्यात टाकलेल्या भाकरीच्या तुकड्याकडे गेला.

"विष खरं आहे, गुणाजी," ती म्हणाली. "आणि औषधही. चला, आत्ताच बाटल्या पाठवू."

खाटेखालचा उंदीर तेवढ्यात मेला. त्याला त्यांनी तिथेच कागदात गुंडाळून ठेवलं. दुसरा डबा राधाबाईच्या फडताळात ठेवून ते दोघं खाली उतरले.

संस्थेत शिरताना ललिताला काही वेगळं जाणवलं नाही. उंदरांच्या खोलीचं दार तिने ढकललं.

आत काहीच आवाज नव्हता.

पहिल्या पिंजऱ्यातले उंदीर एका कुशीवर पडले होते. पाय मागे ताणलेला, शेपटं ताठ. दुसऱ्या पिंजऱ्यातले तसेच. पूर्ण औषध मिळालेले तसेच. ज्यांना सुई कधी लागलीच नव्हती, त्या कोपऱ्यातल्या माद्या नि त्यांची डोळे न उघडलेली पिल्लंही तशीच. सगळे उजव्या कुशीवर. जिवंत होते, बरगड्या बारीक हलत होत्या.

"बाई," गुणाजी दारातूनच म्हणाला. "डॉक्टर."

गुप्ते कॉटवर होते. उजव्या कुशीवर. उजवा पाय मागे ताणलेला, मान मागे गेलेली. डोळे उघडे होते आणि ते ललिताकडे वळले. त्यांना काही सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. जबडा उघडला नाही.

गुणाजी आत आला तसं त्याच्यामागे दार लागलं, त्या आवाजासरशी त्यांच्या साऱ्या अंगाला झटका आला. पिंजऱ्यांच्या तारा एकदम खणखणल्या.

ललिताने माणसाला सुई कधी टोचली नव्हती. तिने नव्या खेपेतली बाटली फोडली, मोठी सिरिंज भरली. गुणाजीने त्यांचा दंड धरला. हात लाकडासारखा लागत होता, असं तो नंतर म्हणाला. सुई एकदा वाकली. दुसऱ्यांदा गेली.

मग तिने इस्पितळाला फोन केला. डॉक्टर गुप्त्यांना ताबडतोब हलवायला हवं, म्हणाली. अँब्युलन्स सगळ्या बाहेर आहेत, जमेल तेव्हा पाठवू, असं उत्तर आलं.

"तुम्ही बाटल्या घेऊन जा," ती गुणाजीला म्हणाली. "दत्तारामला आधी द्यायला सांगा. माझं नाव सांगा."

"आणि तुमी?"

"यांना सोडून कशी येऊ?"

गुणाजी पेटी डोक्यावर घेऊन गेला. दत्ताराम त्या औषधाने वाचला, आणखीही पुष्कळ जण वाचले. पण हे तिला पुढे कळलं. त्या वेळी तिला ऐकू आली ती पोलिसांची शिट्टी. संचारबंदी पुन्हा लागली होती.

ती कॉटशेजारी स्टुलावर बसली. टोचलं की औषध नव्या विषाला अडवतं. आवळून गेलेले स्नायू ते सोडवत नाही. ते सुटायला आठवडे लागतात, आणि बरेचदा माणूस वाचत नाही. हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दुपार कलण्याआधी गुप्त्यांचा जबडा सैल झाला.

त्यांनी पाय पोटाशी घेतला. तिच्या पाठीमागे साऱ्या पिंजऱ्यांतला भुसा एकदम सळसळला.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"पाणी," गुप्ते म्हणाले. तिने पेला त्यांच्या ओठाला लावला. ते प्यायले, आणि खोलीभर पाणी चाटल्याचा बारीक आवाज उठला. त्यांनी पेला बाजूला केला. आवाज थांबला.

"बरं वाटतंय का, सर?"

"बरं वाटतंय." ते तिच्याकडे शांतपणे बघत होते. "तुम्ही दोन नेलेत. दुसरा कुठे आहे?"

दोन नेले, त्यातला एक मेला, हे ललिताने त्यांना सांगितलं नव्हतं.

"तो अजून वेगळा आहे," गुप्ते म्हणाले. "त्याला परत आणा."

"आणीन," ती म्हणाली. "आधी तुमची नाडी बघू द्या."

तिने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. मनगट ऊबदार होतं. मोजायला सुरुवात करावी म्हणून ती पहिल्या ठोक्याची वाट पाहत राहिली. सेकंदकाटा अर्धा फेरा फिरला. वेगळा असा ठोका लागतच नव्हता. बोटांखाली नुसती एक बारीक, अखंड थरथर होती, उंदीर मुठीत धरला की त्याच्या छातीत लागते तशी.